पॉइंट कधी बदलतो, कधी बदलत नाही: दोष डिकोडरचा की वायरिंगचा?

मॉडेल रेल्वेच्या डिजिटल लेआउटवर माणसाला सगळ्यात जास्त जेरीस आणणारी तक्रार हीच. इंजिनं छान धावतायत, हॉर्न वाजतायत, डब्यांतले दिवे लागतायत. यार्डाच्या तोंडाशी असलेला एक पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, मात्र सकाळी ऐकतो आणि संध्याकाळी ऐकत नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर सांधा बदललेला दिसतो, रुळावर तो होता तिथेच असतो. मग ॲक्सेसरी डिकोडर (हुकूम वाचून पॉइंट फिरवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) खराब आहे असं ठरतं, परदेशातून नवा मागवला जातो, वर कस्टम ड्यूटी भरली जाते, आणि नवा बसवल्यावर काही दिवसांतच तोच पॉइंट पुन्हा अडतो.

जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा डिकोडरच्या बाहेर असतो: वीजपुरवठ्यात, जोडणीत, पॉइंटच्या यंत्रणेत किंवा पत्त्यात. डिकोडरचं आउटपुट जळलं की ते सहसा कायमचंच जातं, मंगळवारी चालू आणि बुधवारी बंद असं करत नाही. म्हणून डिकोडर बदलणं मी नेहमी शेवटी ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावं असं मनापासून सांगतो.

गाड्या धावतायत म्हणून सिग्नल ठीक आहे असं धरू नका

डीसीसीमध्ये, म्हणजे गाड्या चालवायच्या या डिजिटल पद्धतीत, वीज आणि हुकूम एकाच तारांच्या जोडीतून जातात. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या प्रमाणानुसार ‘१’ या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो, ‘०’ चा १०० किंवा त्याहून जास्त. इंजिनाचा वेग कमांड स्टेशन (हुकूम तयार करणारं मुख्य यंत्र) सतत पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, तुम्ही नॉबला हात लावा किंवा लावू नका. हुकमाचं एखादं पॅकेट हुकलं तर पुढचं लगेच येतं आणि तुम्हाला काही कळतही नाही. पॉइंटचा हुकूम मात्र बटण दाबल्यावर मोजक्या वेळा जातो आणि थांबतो. तेवढ्या क्षणात डिकोडरचं व्होल्टेज पडलेलं असलं, किंवा कुठल्या सैल जोडणीत पॅकेट खराब झालं, तर तो हुकूम गेला तो गेलाच. साधा डिकोडर ‘मिळालं’ असं उलट कळवत नाही, त्यामुळे कंट्रोलर आपलं काम झालं असंच समजतो.

म्हणजे खराब जोडणीचा त्रास सगळ्यात आधी पॉइंटना जाणवतो, इंजिनांना नंतर.

आधी ऐका, मग अदलाबदल करा

खोलीतला पंखा बंद करा, बाकीच्या गाड्या थांबवा आणि संशयित पॉइंटजवळ कान नेऊन कोणाला तरी बटण दाबायला सांगा. काहीच आवाज नाही, म्हणजे हुकूम किंवा वीज पोचत नाही. मरगळलेला ‘टुक’ आला, म्हणजे हुकूम पोचला पण ताकद कमी पडली. खणखणीत ‘टक’ येऊनही पॉइंटची सरकती पट्टी पूर्ण सरकत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक्सकडे बघूच नका. पट्टीखाली बॅलास्टचा (रुळाखालच्या खडीचा) खडा, आखडलेली दांडी किंवा हललेली मोटर शोधा. बोटाने पट्टी दोन्हीकडे सरकवून पाहिली की हे अर्ध्या मिनिटात कळतं.

यानंतरची कसोटी माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे आणि तिला स्क्रूड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही. वीज बंद करा. डिकोडरच्या आउटपुट १ वर संशयित पॉइंट आहे आणि २ वर नीट चालणारा, असं धरू. दोघांच्या वायरी आपसांत बदला आणि पुन्हा वीज द्या. आता संशयित पॉइंट २ नंबरच्या बटणाने फिरायला हवा. तो २ नंबरवरही तसाच अडखळला, तर दोष वायरबरोबर गेला: डिकोडर निर्दोष, पुढे फक्त वायर, मोटर आणि पॉइंट तपासायचे. उलट तो आता मस्त फिरतोय आणि इतके दिवस नीट चालणारा पॉइंट १ नंबरवर अडखळतोय, तर आउटपुट १ खरोखर दोषी. प्रत्येक बाजूने भरपूर वेळा फिरवून बघा. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात एकदा चाललं याला काही अर्थ नसतो.

एका डिकोडरचे सगळे पॉइंट एकदम गप्प असतील तर ही अदलाबदल करण्यात वेळ घालवू नका. तिथे प्रश्न डिकोडरकडे येणाऱ्या तारांचा किंवा पत्त्याचा आहे.

व्होल्टेज: मोजायचं ते ओझं देऊन

कॉइलच्या मोटरना किती वीज लागते याचा अंदाज अनेकांना नसतो. पेकोच्या पीएल-१० सारख्या जोड-कॉइल मोटरचा रोध जेमतेम चार-पाच ओहम. १६ व्होल्टला ४ ओहम म्हणजे ४ अँपिअर, क्षणभर का होईना. म्हणूनच चांगल्या डिकोडरमध्ये किंवा वेगळ्या सीडीयूमध्ये (कपॅसिटर डिस्चार्ज युनिटमध्ये) मोठा कपॅसिटर असतो. तो सावकाश भरतो आणि एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. त्यात साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. १६ व्होल्टचे १२ झाले, म्हणजे व्होल्टेज पाऊण उरलं, की ऊर्जा जवळपास ५६ टक्क्यांवर येते. तुम्हाला वाटतं थोडंसंच व्होल्टेज कमी आहे, पण कॉइलचा धक्का जवळजवळ निम्मा झालेला असतो. पॉइंट थोडा जरी कडक असेल तर तो तिथेच अडतो.

साध्या मल्टिमीटरने रुळावरचं डीसीसी व्होल्टेज मोजलं तर आकडा खरा येत नाही. त्याची एसी रेंज ५० हर्ट्झच्या लाटेसाठी बनवलेली असते आणि इथे सिग्नल सुमारे ५ ते ८.६ किलोहर्ट्झवर नाचत असतो. तुलनेसाठी मात्र तो मीटर चालतो: बूस्टरच्या (रुळाला वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) टोकाला जेवढं दाखवतो, जवळपास तेवढंच डिकोडरच्या टर्मिनलवर दाखवलं पाहिजे. खरा आकडा हवा असेल तर ब्रिज रेक्टिफायर लावून डीसीवर मोजा आणि डायोडमध्ये पडणारे साधारण १.४ व्होल्ट त्यात मिळवा.

पण नुसतं मोजून भागत नाही. रिकाम्या लाइनवर सैल जोडणीसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी सोल्डर करा आणि डिकोडरच्या इनपुट टर्मिनलवर तो पेटवून मग मोजा. हा बल्ब पावणेदोन ते दोन अँपिअर ओढतो. तो पेटल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टने उतरला तर ठीक. दोन-तीन व्होल्टने उतरला तर तुमचा गुन्हेगार बूस्टर आणि त्या टर्मिनलच्या मधे कुठेतरी आहे. बल्ब चांगलाच तापतो, प्लायवर ठेवू नका.

डोंबिवलीच्या एका स्नेह्यांच्या लेआउटवर असंच झालं होतं. लांबच्या टोकाचे सगळे पॉइंट संध्याकाळी, तीन-चार गाड्या एकदम धावत असताना, कमजोर व्हायचे. बल्ब लावत लावत बूस्टरकडून पुढे सरकलो, तर मधल्या एका टर्मिनल पट्टीच्या अलीकडे पूर्ण व्होल्टेज आणि पलीकडे पडलेलं. स्क्रू बोटाने फिरेल इतका सैल. वायर बसवताना तिची टोकं नीटनेटकी दिसावीत म्हणून सोल्डरमध्ये बुडवून घेतली होती. सोल्डर मऊ धातू आहे. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू चपटा होत जातो आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल पडतो. तारांची टोकं कापली, त्यांवर क्रिंप करायच्या पितळी नळ्या बसवल्या, पुन्हा आवळली. डिकोडरला हातही लावला नाही. स्क्रू टर्मिनलमध्ये सोल्डर केलेली मल्टिस्ट्रँड वायर कधीच घालू नका, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो.

वायरची जाडीही बघा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन दहा मीटर, ३ अँपिअरला तोटा साधारण ०.३५ व्होल्ट. तेच काम ०.२ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरने केलं तर अडीच व्होल्टच्या वर जातात. रुळाला जोडणारे छोटे तुकडे बारीक असले तरी चालतात, मुख्य बस, म्हणजे लेआउटभर वीज नेणारी तारांची जोडी, नाही.

कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात यात पावसाळ्याची भर पडते. जूनमध्ये व्यवस्थित असलेला पॉइंट ऑगस्टमध्ये अडतो, कारण उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो, मोटरच्या आतल्या लिमिट स्विचचे संपर्क काळे पडतात आणि प्लाय फुगून पट्टीची दांडी घासायला लागते. लिमिट स्विचला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मोटर काही वेळा हाताने इकडून तिकडे केली की बऱ्याचदा काम होतं. प्लायला दोन्ही बाजूंनी सीलर मारणं हे काम उन्हाळ्यातच उरकायला हवं.

शॉर्ट झाला की पॉइंटही अडकतो

हा प्रकार पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला चक्रावून टाकतो. इंजिन चुकीच्या बाजूला लागलेल्या पॉइंटवर मागून चढतं, जिवंत फ्रॉगवर (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज असलेल्या भागावर) शॉर्ट होतो, बूस्टर वीज कापतो. शॉर्ट घालवायला पॉइंट फिरवायला हवा. पण डिकोडर त्याच रुळावरून वीज घेत असेल तर त्याच्याकडे वीजच नाही. बटण दाबून काही होत नाही, आणि डिकोडर मेला असा समज होतो. इंजिन हाताने मागे ढकललं की सगळं पूर्ववत.

उपाय म्हणजे ॲक्सेसरीसाठी वेगळी बस ओढायची आणि तिला स्वतःचा सर्किट ब्रेकर किंवा छोटा बूस्टर द्यायचा. इथे एक बारकावा सुटतो. काही डिकोडरना कॉइलसाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर जोडता येतो, आणि तो जोडला म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. पण हुकूम अजूनही डीसीसीच्या तारांतूनच यायचा असतो. त्या तारा रुळाच्या ब्रेकरच्या पुढून घेतल्या असतील तर शॉर्टमध्ये कॉइलला वीज आहे आणि हुकूम नाही, अशी अवस्था होते. सिग्नलची जोडी ब्रेकरच्या अलीकडून, कमांड स्टेशनच्या बाजूने घ्या.

रूट लावताना होणारा घोटाळा याच घराण्यातला. एका बटणाने पाच-सहा पॉइंट फिरवायचे म्हटलं की पहिले दोन फिरतात आणि पुढचे मरगळतात, कारण सीडीयूचा कपॅसिटर दोन हुकमांमधे भरतच नाही. रूटमधल्या दोन पॉइंटमधे अर्ध्या सेकंदाचं अंतर टाकून बघा. तेवढ्याने सुरळीत झालं तर बाकी काही शोधायला नको.

पत्ता हरवतो, चार घरं सरकतो

१ दाबलं तर काही होत नाही, पण ५ दाबलं की तोच पॉइंट फिरतो. हा बिघाड नाही, मोजणीतला फरक आहे. साध्या ॲक्सेसरी डिकोडरचा एक पत्ता चार पॉइंटचा असतो: पहिला गट १ ते ४, दुसरा ५ ते ८. लेन्झ या कंपनीच्या पद्धतीत मोजणी गट १ पासून होते, रोको कंपनीच्या मल्टिमाउससारख्या यंत्रणेत गट ० पासून. त्यामुळे एका यंत्रणेवर पत्ता दिलेला डिकोडर दुसरीवर बरोबर चार अंकांनी सरकलेला दिसतो. रेलकम्युनिटी या उत्पादकांच्या संघटनेच्या आरसीएन-२१३ या प्रमाणात ही मोजणी ठरवून दिलेली आहे आणि झेड२१ या कमांड स्टेशनमध्ये त्यासाठी सेटिंगही आहे. ते एकदा ठरवा, सगळ्या डिकोडरना एकाच पद्धतीने पत्ते द्या आणि नंतर ते सेटिंग हलवू नका.

पत्ता मधूनच ‘विसरणारा’ डिकोडर हे जास्त अवघड प्रकरण. काही छोट्या संचांत प्रोग्रॅमिंगसाठी वेगळं आउटपुट नसतं. सीव्ही (डिकोडरमधला सेटिंगचा क्रमांकित कप्पा) लिहायचा हुकूम मुख्य रुळावरच जातो आणि तिथे जे जे डिकोडर ऐकत असतील ते सगळे तो पाळतात. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा लहान पत्ता असतो, आणि ॲक्सेसरी डिकोडरमध्येही सीव्ही १ हाच पत्त्याचा खालचा भाग. तुम्ही नव्या इंजिनाला ३ हा पत्ता देता आणि त्याच बसवरचा पॉइंट डिकोडर गट ३ मध्ये जाऊन बसतो. आता पॉइंट १ गप्प आहे आणि ९ दाबल्यावर फिरतोय. तुमच्याकडे ‘हरवलेला’ पॉइंट असेल तर ९ ते १२ दाबून बघाच. तसंच सीव्ही ८ मध्ये ८ लिहून इंजिन रीसेट केलं की ॲक्सेसरी डिकोडरही फॅक्टरी पत्त्यावर जाऊ शकतो. ॲक्सेसरी बसला एक साधा डबल पोल स्विच लावा आणि इंजिन प्रोग्रॅम करताना तो बंद ठेवा. बटण दाबून पत्ता शिकणाऱ्या डिकोडरमध्ये ते बटण दाबलेलं अडकलंय का, किंवा प्रोग्रॅमिंगचा जंपर तसाच राहिलाय का, तेही पाहा.

पॅकेट खराब होण्याची आणखी दोन कारणं सेटिंगमध्ये लपलेली असतात. पत्ता ० वर डीकोडर नसलेलं साधं इंजिन चालवण्याची सोय ‘०’ चा बिट ताणून काम करते, आणि काही डिकोडरना ते झेपत नाही. रेलकॉमसाठी (डिकोडरने उलट माहिती कळवण्याच्या सोयीसाठी) सिग्नलमध्ये पाडलेली फटही काही जुन्या डिकोडरना गोंधळात टाकते. दोन्ही बंद करून एक दिवस गाड्या चालवा.

सर्वो असेल तर

सर्वोची, म्हणजे ठरलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरची, कथा वेगळी. त्याला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स लागतो आणि त्या पल्सच्या रुंदीवर तो कुठे थांबायचं ते ठरवतो. त्याची सिग्नल वायर डीसीसी बसला चिकटून गेली असेल तर तो थरथरतो. वायर शक्य तितकी आखूड ठेवा, बसपासून दूर न्या, सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टच्या लाइनवर लावा. वीज जाऊन आल्यावर सगळे सर्वो एकदम झटका मारतात आणि त्या क्षणी ५ व्होल्टचा पुरवठा कोसळतो, त्यामुळे डिकोडर रीसेट होऊन पुन्हा तेच चक्र सुरू होतं. पुरवठा सढळ ठेवा, प्रत्येक सर्वोमागे काहीशे मिलिअँपिअर धरून.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात बुधवार पेठेतून सुटे भाग आणून आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर स्वतः डिकोडर बनवणारे आपल्याकडे बरेच आहेत, आणि मला हा मार्ग फार आवडतो, कारण बिघडला तर दुरुस्त करता येतो. त्यात अधूनमधून हुकूम चुकत असतील तर ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाच्या मार्गाने पुढे देणारी चिप) बघा. पीसी८१७ किंवा ४एन३५ स्वस्त आणि सहज मिळतात, पण ५८ मायक्रोसेकंदांच्या कडा ते नीट पुढे देत नाहीत. ६एन१३७ च वापरा. त्याच्या आउटपुटला बाहेरून पुल-अप रेझिस्टर द्या, पुरवठ्याच्या पिनांना लागून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा आणि आतल्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड जोडा. हा छोटा कपॅसिटर वगळलेला आणि म्हणून मनमानी वागणारा बोर्ड मी अनेकांकडे पाहिलाय.

डिकोडर खरोखर गेला असेल तर

अदलाबदलीत दोष आउटपुटवरच राहिला, इनपुटला ओझ्याखालीही पूर्ण व्होल्टेज आहे आणि पत्ता बरोबर आहे, तेव्हाच डिकोडर उघडा. बऱ्याच जुन्या आणि घरगुती कॉइल डिकोडरमध्ये आउटपुटला युएलएन२८०३ ही चिप असते, एका चॅनलला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर झेपणारी. थेट चार ओहमची कॉइल तिला जोडली तर ती जाणारच. वीज बंद करून कॉमन निगेटिव्ह आणि प्रत्येक आउटपुट यांमधला रोध मोजा. आठांपैकी एक बाकीच्यांपेक्षा अगदीच कमी दाखवत असेल तर तोच ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट आहे. अशा आउटपुटवरची कॉइल सतत चालू राहते, गुणगुणते, तापते आणि शेवटी प्लास्टिक वितळवते. मोटर हाताला गरम लागली तर पुढचं काहीही करण्याआधी वीज बंद करा. चिप सॉकेटमध्ये असेल तर नवी बसवायला मिनिटभर लागतो.

बदलण्याआधी ती का जळली ते मात्र शोधा. काही यंत्रणांत बटण दाबल्यावर ‘चालू’ आणि सोडल्यावर ‘बंद’ असे दोन वेगळे हुकूम जातात. बटण दाबून धरलं, किंवा कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर दोन हुकमांच्या मधेच अडकलं, तर कॉइल चालूच राहते. डिकोडरमध्ये पल्सची कमाल वेळ ठरवण्याचा सीव्ही असेल तर तो कधीही अमर्याद ठेवू नका. आणि नवा डिकोडर किंवा चिप बसवल्यावर बोर्डखाली स्क्रूने आवळण्याआधी टेबलावर एकट्याला सिग्नल द्या, पत्ता लिहा, आठही आउटपुटवर एक सुटी मोटर लावून फिरवून बघा आणि मगच बाकीच्या बसला जोडा.